वारशात आलेलं ब्राउनिंग: लोखंड आणि कागद

(दृश्य: लाकडी टेबलावर अंथरलेला जुना पंचा. त्यावर पिस्तूल, नळी भिंतीकडे. शेजारी एक पत्र्याचा डबा, त्यात पिवळे पडलेले कागद.)

पिस्तूल भरलेलं आहे.

ते पन्नास वर्षं कपाटात पडून असेल. “केव्हाच रिकामं केलंय ते,” असं आत्या शपथेवर सांगत असेल. तरीही ते भरलेलंच आहे असं धरून चालायचं. जुन्या पिस्तुलांचे अपघात होतात ते बहुतेक याच एका ठिकाणी. मॅगझिन (काडतुसांचा डबा) काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं माणसाला वाटतं, पण मॅगझिन मुठीत असतं आणि एक काडतूस नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, चढलेलं राहू शकतं. म्हणून आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, मग उजेडात चेंबर डोळ्यांनी बघायचं. हा क्रम उलटा झाला आणि स्लाइड आधी ओढली, तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं पुढचं आपोआप वर चढतं. समोरच्याला वाटतं, निघालं एकदाचं.

हे काम घरच्यांनी करू नये. जुनं तेल वाळून गोंदासारखं झालेलं असतं, स्लाइड अर्ध्यात अडकते, माणूस जोर लावतो आणि बोट नकळत चापावर जातं. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडचा कारागीर किंवा पोलिसांकडचा शस्त्रांचा जाणकार यांच्याच हातून ते करून घ्यावं. पिस्तूल पिशवीत घालून स्वतः गावभर नेऊ नये. आधी ठाण्याला कळवावं आणि ते सांगतील तसं करावं.

(दृश्य: पिस्तुलाची डावी बाजू, अगदी जवळून. विजेरीचा उजेड एका कडेनं सरकत जातो आणि पुसट अक्षरं वर येतात.)

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री झाली की मग वाचायला सुरुवात. विजेरी समोरून नको, आडवी धरा. अक्षरांच्या कडा सावली धरतात आणि घासून गेलेली ओळसुद्धा वाचता येते. फोटो दोन्ही बाजूंचे, वरून, खालून, नळीच्या तोंडाचे आणि मुठीच्या बुडाचे घ्या. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल.

या पिस्तुलाच्या डाव्या अंगावर रोमन लिपीत लिहिलंय: फाब्रीक नासिओनाल, हेर्स्ताल, लिएज. बेल्जियमचा प्रसिद्ध कारखाना, एफएन. त्याखाली ब्राउनिंगचं पेटंट आणि मग ‘ब्रेव्हते एस. जी. डी. जी.’ असं. ही शेवटची चार अक्षरं मालकाची नव्हेत, रेजिमेंटचीही नव्हेत. पेटंट घेतलेलं आहे, पण सरकार त्याची हमी देत नाही, असं सांगणारं ते फ्रेंच लघुरूप आहे. त्या काळच्या फ्रेंच आणि बेल्जियन मालावर ते सर्रास दिसतं.

आता नळीचं तोंड बघा. बहुतेक पिस्तुलांत नळी वर असते. इथे ती खाली आहे आणि तिच्या डोक्यावर दुसरी पोकळी आहे. त्या वरच्या पोकळीत स्प्रिंग आहे. गोळी सुटल्यावर स्लाइड पुढे आणण्याचं काम तीच करते आणि फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईला) धक्का देण्याचंही तीच. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगची ही रचना एफएनच्या 1900 मॉडेलची, आणि दुरून ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण हीच. नळी 102 मिलिमीटर, मॅगझिन 7 काडतुसांचं, मॅगझिनचा खटका मुठीच्या बुडाला मागच्या कडेला. सेफ्टीपाशी दोन फ्रेंच शब्द: ‘फ्यो’ म्हणजे आग, ‘स्यूर’ म्हणजे सुरक्षित. मुठीच्या पट्ट्या कडक रबराच्या. काही पट्ट्यांवर एफएन या अक्षरांबरोबर या पिस्तुलाचंच चिमुकलं चित्र उठवलेलं असतं. पट्ट्या काळ्याच्या तपकिरी झाल्या असतील तर त्या बदललेल्या आहेत असं समजू नका. उजेडानं आणि हवेनं जुनं कडक रबर तपकिरी पडतंच.

अशी साधारण 7 लाख पिस्तुलं बनली. म्हणजे वस्तू दुर्मीळ नाही. तिला मोल येतं ते तिच्या अंगावरच्या ठशांमुळे आणि तिच्याबरोबर आलेल्या कागदांमुळे.

(दृश्य: लिएजच्या चाचणी ठशांची रेखाचित्रं, एकेक करून.)

बेल्जियममध्ये प्रत्येक नळीची सरकारी चाचणी होत असे आणि ठसे तिथे उमटत. अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही अक्षरं, खाली तारा, वर मुकुट: ही लिएजची पक्की चाचणी. मुकुट 1893 पासून आला. बिनमुकुटाचा ठसा त्याआधीच्या शस्त्रांवर मिळतो, त्यामुळे 1900 मॉडेलवर तो दिसला तर सावध व्हायचं. छोटा खांब दिसतो तो ‘पेरॉन’, लिएज शहराचं चिन्ह. सिंहाखाली ‘पी. व्ही.’ म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी. आणि डोक्यावर तारा असलेलं एकटं अक्षर म्हणजे तपासनिसाची खूण.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि घरच्या कथांचा निकाल बहुतेक वेळा तीच लावते. लिएजच्या चाचणीघरानं 1922 पासून वर्षाचं अक्षर मारायला सुरुवात केली. 1922 चं लहान लिपीतलं ‘ए’, पुढच्या वर्षी ‘बी’, असं. तुमच्या पिस्तुलावर असं वर्षाचं अक्षर असेल, तर त्या अक्षराच्या वर्षी ते लिएजच्या चाचणीतून गेलेलं आहे.

हे महाराष्ट्रात का महत्त्वाचं? 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगच्या. लंडनहून क्रांतिकारकांसाठी चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून 20 ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला आली होती. तेव्हापासून ‘ब्राउनिंग’ हा शब्द इकडे नुसतं रचनाकाराचं नाव राहिला नाही. घरात एखादं बेल्जियन पिस्तूल निघालं की त्याची सांगड त्या विसांशी घातली जाते. ती ओढ खरी आहे आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे. म्हणूनच ती तपासली पाहिजे. 1922 नंतरचं अक्षर असलेल्या पिस्तुलावर नाशिकची कथा चढवली, तर त्या तरुणांच्या खऱ्या इतिहासात आपण आपल्या हातानं भेसळ करतो.

(दृश्य: दोन पिस्तुलं शेजारीशेजारी. एक 1900 चं, दुसरं 1910 चं.)

अशी गफलत इतिहासकारांचीही झाली आहे. 1914 ला सारायेव्होत आर्चड्यूक फर्डिनांडचा वध ज्या पिस्तुलानं झाला ते 1900 मॉडेलचं, 7.65 मिलिमीटर काडतुसाचं, असं वर्षानुवर्षं पुस्तकांत छापून येत होतं. प्रत्यक्षात ते एफएनचं 1910 मॉडेल, 9 मिलिमीटर शॉर्ट काडतुसाचं, क्रमांक 19074. ते आता व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहे. दोन्ही मॉडेलं एकाच कारखान्याची आणि एकाच ब्राउनिंगची, पण रचना वेगळी. 1910 मध्ये स्प्रिंग नळीभोवती गुंडाळलेली असते, त्यामुळे तोंड गोल दिसतं, पुढे खरबरीत कडं असतं, आणि मुठीच्या मागे दाबायची वेगळी सेफ्टी असते. 1910 मॉडेल 7.65 मध्येही निघालं आणि 9 शॉर्टमध्येही. तेव्हा नुसत्या आकारावरून काडतूस ठरवायचं नाही. रिकाम्या पिस्तुलाच्या तोंडाशी व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला तर 7.65 ची नळी जवळपास तेवढीच भरते, 9 शॉर्टची 8.8 च्या आसपास.

काडतुसाच्या नावानं आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. युरोपातलं 7.65 ब्राउनिंग म्हणजे आपल्या परवान्यावरचं ‘.32 पिस्तूल’. पण ‘.32 रिव्हॉल्व्हर’चं काडतूस निराळं. पिस्तुलाच्या काडतुसाचं कवच 17 मिलिमीटरचं, रिव्हॉल्व्हरचं त्याहून लांब, आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली रुंद कड. परवान्यावर नुसतं ‘.32’ लिहिलेलं असतं आणि डब्यात दोन्ही जातींची काडतुसं एकत्र सापडतात. हिरवट पडलेली, बुरशी धरलेली काडतुसं मोजा, फोटो काढा आणि तशीच जमा करा. घासू नका. परीक्षा म्हणून झाडायची तर मुळीच नाही.

नकली माल हा वेगळाच प्रांत. वायव्य सरहद्दीवर, दर्रा आदमखेल भागात, युरोपियन शस्त्रांच्या हातानं घडवलेल्या नकला पिढ्यान्‌पिढ्या बनत आल्या. तिथले कारागीर तरबेज, पण त्यांना रोमन लिपी वाचता येत नसे. ते अक्षरांची नक्षी उतरवत. म्हणून ‘एन’ उलटा पडतो, एखादं अक्षर गळतं, ओळ चढउतार करत जाते. कारखान्याची ओळ एका दमात, सारख्या खोलीची असते. अशा नकलेचं पोलाद कसं तापवलेलं असेल याचा भरवसा नसतो. आणि फ्रेम (खालचा सांगाडा), स्लाइड, नळी यांच्यावरचे क्रमांक जुळतात का तेही बघा. न जुळणारा भाग म्हणजे नंतर बदललेला भाग. ती फसवणूक असेलच असं नाही, पण नोंद हवी.

(दृश्य: पत्र्याच्या डब्यातले कागद. एका जुन्या परवान्याची घडी काळजीपूर्वक उलगडली जाते.)

आता कागद. खरेदीची पावती, जुने परवाने, नूतनीकरणाचे शिक्के, काडतुसं घेतल्याच्या नोंदी. एक शिक्का म्हणजे एक तारीख आणि एक गाव. ते ओळीनं लावले की आजोबांची बदली कुठून कुठे झाली हेसुद्धा उलगडतं. विक्रेत्याचं नाव कधी स्लाइडवरही कोरलेलं मिळतं. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीसारख्या पेढ्या क्रमांकवार नोंद ठेवत. 26 ऑगस्ट 1914 ला तिथून क्रांतिकारकांनी 50 माउझर पिस्तुलं आणि 46 हजार काडतुसं पळवली. पुढे एकेक पिस्तूल सापडत गेलं आणि ते रॉडाचंच हे पोलिसांना क्रमांकावरून कळत गेलं.

क्रमांक उतरवताना कारकुनाच्या हातून चुका होतात. 3 चा 8 होतो, 1 चा 7 होतो, कधी पेटंटचा आकडाच क्रमांक म्हणून लिहिला जातो. लोखंड आणि परवाना यांत फरक दिसला तर परवाना देणाऱ्या कार्यालयातून कागद दुरुस्त करून घ्यावा. लोखंडाला हात लावायचा नाही. शस्त्रावरची ओळखखूण पुसणं किंवा बदलणं हा शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 खाली गुन्हा आहे.

परवानाधारक वारले की घरात पडून राहिलेलं शस्त्र बेकायदेशीर ठरतं. कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. पावती घ्या, आणि पावतीवर मेक (कंपनी), बोअर (नळीचं माप), क्रमांक, काडतुसांची संख्या हे चारही लिहून घ्या. मग वारसानं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि बाकीच्या वारसांची ना हरकत तयार ठेवा. बहीण परदेशात असेल तर तिच्या सहीवाचून फाइल महिनोन्‌महिने अडते, म्हणून ती आधी मागवा. शस्त्र नियम 2016 च्या नियम 25 मध्ये आणखी एक सोय आहे: परवानाधारक 70 वर्षांचे झाले, किंवा शस्त्र 25 वर्षं त्यांच्याकडे असलं, की ते हयात असतानाच वारसाच्या नावे करता येतं. बाबा स्वतः सही करू शकतात, शस्त्र कुठून आलं ते सांगू शकतात, तेव्हाच हे केलेलं उत्तम.

“शंभर वर्षांचं आहे, मग परवाना कशाला?” हा प्रश्न हमखास येतो. कलम 45 ची सूट कालबाह्य, पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. 1900 च्या ब्राउनिंगचं काडतूस आजही बनतं. नुसत्या वयावर ही सूट मिळत नाही.

(दृश्य: मऊ सुती फडकं, तेलाचा एक थेंब. बाजूला, न वापरलेला पॉलिश पेपर.)

आणि कृपा करून पॉलिश पेपर लावू नका. मूळ निळसर काळा मुलामा एकदा गेला की गेला, आणि उथळ ठसे त्याबरोबर जातात. चकाकणारं पिस्तूल मुकं होतं. पातळ मशीन ऑइलचा थेंब, मऊ फडकं, एवढंच. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. रबरी पट्ट्यांना तेलही नको. स्क्रू उघडण्याचा मोह आवरा. खाचेत घट्ट न बसणारा स्क्रूड्रायव्हर घसरला की खाच फाटते, आणि 1900 मॉडेलमध्ये स्लाइडला मागचा ठोकळा स्क्रूंनीच धरलेला असतो.

चामड्याचं होल्स्टर जपा, पण पिस्तूल त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला गंज चढवतात. कोकणातल्या एका पावसाळ्यात फरक दिसतो. होल्स्टरच्या आतल्या बाजूला चांभाराचा किंवा दुकानाचा ठसा असेल, त्याचा फोटो घ्या. मग होल्स्टर वेगळ्या कापडी पिशवीत, पिस्तूल पावती देणाऱ्याच्या ताब्यात, आणि दोन्हींना बांधलेल्या चिठ्ठीवर तोच एक क्रमांक, शाईनं लिहिलेला.