कुत्रं रडलं तवाच समजलं
मागचे पोट्टे पण बसून घ्या बाप्पा, पंखा एकच आहे. तर आजचा विषय पूर्वसूचन. म्हणजे कादंबरीत पुढं जे होणार त्याची चाहूल आधीच कुठंतरी ठेवून देणं. शब्द जड आहे, काम आपल्या वावरातलंच. पऱ्हाटी लावतो त्याच दिवशी मधामधात तुरीचं एक तास, म्हणजे एक ओळ, टाकतो ना आपण, मग पुढं सगळं लक्ष कापसावर, बोंडअळी, वेचणी, भाव, तूर कोणाच्या डोक्यातही नसते, आणि कापूस सरत आला की तीच समोर उभी. पण 'ही कुठून आली' असं कोणी म्हणत नाही. वाचकाचं तसंच झालं पाहिजे.

चेखव, तो रशियन लेखक, तुम्ही ऐकला असेल. १८८९ च्या एका पत्रात त्यानं लिहिलं की झाडायची नसेल तर भरलेली बंदूक स्टेजवर ठेवू नका. खरंय, पण पोरापोरींच्या नात्याच्या कादंबरीत बंदूक कुठली, तिथं मोबाईल. समजा अकरावीतली पोरगी, एसटीनं तालुक्याला कॉलेजात जाते. दुसऱ्या प्रकरणात तिला आवडणारा पोरगा हसत हसत म्हणतो, 'पासवर्ड सांग ना, माझ्यापासून काय लपवायचं?' ती सांगते, तिला भारी वाटतं, वाचणारीलाही भारी वाटतं. चौदाव्यात तो तिचे मेसेज एकेक करून वाचत बसलाय. आता मागं जाऊन तेच वाक्य वाचा, एक अक्षर बदललेलं नाही अन् अंगावर काटा येतो. कारण पहिल्यांदा ते वाक्य लाडाचं काम करत होतं. नुसती खूण म्हणून ठेवलं असतं तर सोळा वर्षांच्या वाचकानं तिथंच पकडलं असतं, हे वाचक लय बेरकी.

अशा कादंबऱ्या बहुतेक 'मी' म्हणून सांगितलेल्या असतात, त्याचा फायदा घ्या. तिनं सगळं पाहिलंय, फक्त अर्थ लावलेला नाही, म्हणजे खोटं न बोलता लपवता येतं. पण 'तेव्हा मला काय माहीत होतं' हे दर प्रकरणाला टाकलं की मजा गेली.

रामटेक जवळ आहे म्हणून कालिदासाचं सांगतो. त्याच्या शाकुंतल नाटकाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते, मैत्रिणी म्हणतात, राजानं ओळखायला वेळ लावला तर ही अंगठी दाखव. तिचं काळीज हलतं, त्या समजावतात, माया असली की वाईटच सुचतं. राजा तिला विसरणार अन् अंगठी पाहिली की आठवणार, हा दुर्वासाचा शाप आपल्याला माहीत असतो, तिला नाही, पण अंगठी आहे म्हणून आपणही निवांत. अन् पाचव्या अंकात बोट रिकामं! जे वाचवणार तेच हरवलं, आणि ते पेरलं कशात, तर निरोपाच्या साध्या बोलण्यात. मला तर हे बंदुकीपेक्षा मोठं वाटतं.

माझं स्वतःचं सांगतो. एका गोष्टीत मी आभाळ भरून आणलं, दिवा विझवला, रात्री कुत्रं रडवलं. नववीतली एक पोरगी म्हणे, 'सर, तो मरते हे मले कुत्रं रडलं तवाच समजलं.' पुढची बारा पानं वाया. मग कुत्रं काढलं. आता बाप रोज सकाळी पोरीच्या सायकलची हवा चेपून बघतो, एवढंच आहे. पुढं काय होतं ते सांगत नाही, दोन प्रती वाचनालयात ठेवल्या आहेत.