मोल्दोव्हाची वाइन आणि तिची गिऱ्हाइके

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यामुळे वेल, खुंट आणि छाटणी यांविषयी नाशिककरांना मी काही सांगावे असे नाही. मी आज बोलणार आहे ते मोल्दोव्हाविषयी. रोमानिया आणि युक्रेन यांच्या मध्ये वसलेला हा देश आकाराने महाराष्ट्राच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढा असून त्याच्या वाट्याला समुद्रकिनारा आलेला नाही. युरोपातील वाइनचा विषय निघाला की आपल्याकडे फ्रान्स आणि इटली ही नावे लगेच घेतली जातात, मोल्दोव्हाचे नाव क्वचितच निघते. आणि तिथल्या बागा पाहिल्यापासून ही गोष्ट मला फार खटकते.

काळी माती म्हटले की आपल्याला वऱ्हाडातले कपाशीचे रान आठवते. मोल्दोव्हाची काळी माती निराळी आहे. गवताळ प्रदेशातील मुळे शतकानुशतके कुजून ती काळी झाली आहे आणि तिला चेर्नोझेम म्हणतात. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी करतो, कारण आपली वेल थंडीने झोपत नाही. तिथे हिवाळ्यात वेल पूर्ण निद्रिस्त होते, छाटणी वर्षातून एकदाच होते, आणि आपण ऑक्टोबरची कात्री हातात घेतो त्याच सुमारास तिकडे घड उतरवण्याचे काम चाललेले असते.

खेड्यांतल्या बहुतेक घरांना तळघर असते आणि त्याला ते ‘बेच’ म्हणतात. मी एका घरी गेलो होतो, तेव्हा यजमान आजोबांनी लाकडी पिंपात रबरी नळी सोडली, तोंडाने थोडी ओढ दिली आणि वाइन थेट मातीच्या सुरईत उतरवली. पिंपाशेजारीच लोणच्याच्या बरण्या आणि बटाट्याची पोती होती. घरात धान्याची कणगी असावी तितक्या सहजपणे ते पिंप तिथे होते, आणि वाइन हा या लोकांच्या लेखी बाजारातून आणायचा जिन्नस नाही, हे मला त्या तळघरात उमगले.

मोठी तळघरे मात्र थक्क करणारी आहेत. राजधानी किशिनाऊच्या इमारतींसाठी चुनखडीचा दगड काढला गेला आणि त्यामुळे जमिनीखाली जे बोगदे तयार झाले, त्यांत पुढे वाइन मुरवायला ठेवली जाऊ लागली, कारण तिथले तापमान बाराही महिने साधारण १२ ते १४ अंशांवर राहते. मिलेश्ती मिच येथील बोगद्यांची लांबी सुमारे २०० किलोमीटर आहे आणि तिथल्या सुमारे १५ लाख बाटल्यांच्या संग्रहाची २००५ साली गिनीज बुकात नोंद झाली. क्रिकोव्हाच्या बोगद्यांत गाडीतून फिरावे लागते आणि रस्त्यांना वाइनची नावे दिलेली आहेत. तिथे फसफसणाऱ्या वाइनच्या बाटल्या मान खाली करून लाकडी फळ्यांत तिरप्या खोचलेल्या असतात, आणि कामगार स्त्रिया त्या हातांनी किंचित किंचित फिरवत जातात, म्हणजे आतला गाळ हळूहळू बुचापाशी गोळा होतो. दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकाच वेळी फिरवणारी ती बोटे इतकी चपळ होती की मी बराच वेळ नुसता पाहत उभा राहिलो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या देशाची वाइन कशी असावी, हे फार काळ तिच्या गिऱ्हाइकाने ठरवले. १८१२ पासून हा प्रदेश रशियन साम्राज्यात होता आणि सोव्हिएत काळात तो साऱ्या संघराज्याची द्राक्षबाग बनला. तेव्हा भर टनांवर होता, त्यामुळे स्थानिक वाण मागे पडत गेले. १९८५ मध्ये गोर्बाचोव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली आणि तिच्या झपाट्यात द्राक्षबागाही उपटल्या गेल्या. ज्याने स्वतः वेल लावली आहे, त्याला उपटलेल्या बागेचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. स्वातंत्र्यानंतरही निर्यातीचा फार मोठा भाग रशियालाच जात राहिला, आणि २००६ साली रशियाने मोल्दोव्हाच्या वाइनवर बंदी घातली. कारण दर्जाचे सांगण्यात आले, पण त्यामागे राजकीय नाराजी होती असेच तिथे मानले जाते. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा एका हुकमासरशी कोसळला, आणि सावरतो न सावरतो तोच २०१३ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी आली.

मात्र दुसऱ्या बंदीच्या वेळी देश बराच तयार होता. दर्जा राखण्यासाठी आणि जगापुढे एका नावाने जाण्यासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली होती, आणि युरोपीय संघाने २०१४ च्या आरंभापासून आपली बाजारपेठ या वाइनला खुली केली. हा नवा ग्राहक चोखंदळ होता. काबर्ने आणि मर्लो या फ्रेंच वाणांची वाइन त्याला कुठूनही मिळत होती; मोल्दोव्हाकडून त्याला दुसरीकडे न मिळणारे काही हवे होते. म्हणून मागे पडलेल्या वाणांची पुन्हा आठवण झाली. फेतास्का नेआग्रा, म्हणजे काळी कुमारिका, हा त्यांतला माझा सर्वांत आवडता वाण. रारा नेआग्रा त्याहून हलका आणि आंबटसर. पुर्कारी येथील जुन्या प्रसिद्ध मिश्रणात हीच रारा नेआग्रा फ्रान्सच्या काबर्ने सोव्हिन्यों आणि जॉर्जियाच्या सापेरावीसोबत वापरतात, आणि माझ्या मते त्या वाइनला ओळख मिळते ती या तिसऱ्या, घरच्या द्राक्षामुळे.

फेतास्का नेआग्राचा पेला नाकाजवळ नेला की आधी वाळवलेल्या आलुबुखाराचा वास येतो, मागून मिरीसारखा किंचित तिखटपणा येतो, आणि घोट उतरल्यावर जिभेवर मऊसर तुरटपणा बराच वेळ रेंगाळतो. त्या आजोबांच्या बेचमधल्या वाइनला ना वाणाचे नाव होते ना लेबल. मी त्यांना द्राक्ष कोणते म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी मला अंगणात नेले आणि घराच्या भिंतीवर चढलेली वेल हाताने दाखवली.