सामानातलं ऑर्किड

बँकॉकचा चतुचक बाजार. बुधवारी आणि गुरुवारी इथं झाडांचा बाजार भरतो. ऑर्किडांच्या नाना जाती: तारांना टांगलेले डेंड्रोबियम, उघड्या मुळांचे व्हँडा. छत्रपती संभाजीनगरहून, लातूरहून टूरवर आलेला झाडवेडा माणूस इथं हमखास रेंगाळतो. भाव करतो, दोन-चार रोपं वर्तमानपत्रात गुंडाळून घेतो. विकणारा म्हणतो, "फायटो देतो, काळजी नको."

काळजी खरं तर इथूनच सुरू होते.

फायटो म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट: रोपं तपासली, कीड-रोग आढळला नाही, असं त्या देशाच्या सरकारी यंत्रणेनं लिहून दिलेलं. ते लागतंच. पण लावायचं रोप भारतात आणायचं तर आपल्या सरकारचा आयात परवाना आधी हातात हवा. प्लांट क्वारंटाईनचा, म्हणजे बाहेरून येणारी रोपं कीड-रोगासाठी अडवून तपासण्याचा, 2003 चा आदेश तसं सांगतो. आधी म्हणजे बॅग भरायच्याही आधी. बाजारात रोप आवडलं आणि मग परवाना काढू म्हटलं, तर तोवर परतीचं विमान सुटलेलं असतं.

ऑर्किडला तिसरा कागदही लागतो, सायटिसचा. रानटी प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावर लगाम घालणारा हा आंतरराष्ट्रीय करार. भारत त्यात 1976 साली सामील झाला. ऑर्किडचं अख्खं कूळ, 25 हजारांहून जास्त जाती, त्याच्या यादीत आहे. नर्सरीत वाढवलं म्हणून रोप सुटत नाही. लेडीज स्लिपर, म्हणजे पॅफिओपेडिलम, तर सगळ्यात कडक अशा पहिल्या परिशिष्टात.

रोपं उतरवायची तीही ठरवून दिलेल्या ठिकाणीच. मराठवाड्यातल्या प्रवाशासाठी ते बहुधा मुंबई. सामानात झाडं आहेत हे कस्टम्सला आपणहून सांगायचं. मग क्वारंटाईनचा अधिकारी रोप हातात घेतो. मुळांना माती लागलेली चालत नाही. पान खोडाला जिथं बिलगतं, त्या बेचक्यात खवले कीड लपते. तपकिरी, मसुराच्या सालीएवढी, हलत नाही, त्यामुळं डाग वाटते. नखानं खरवडली की निघते, तेव्हा कळतं. सिंबिडियम मोझॅकसारखा विषाणू मात्र भिंगालाही दिसत नाही. बाहेरून टवटवीत रोप तो आत घेऊन फिरतं. परवाना नसेल तर रोपं परत पाठवतात, नाहीतर नष्ट करतात. तिथं रडून-भांडून उपयोग नसतो.

एका फुलझाडासाठी एवढा जाच कशाला, असं वाटतं ना? हाच प्रश्न कपाशीच्या बांधावर उभं राहून विचारून बघा. 2005 च्या सुमारास देशातल्या कपाशीवर जो पांढरा, रस शोषणारा पिठ्या ढेकूण पसरला, तो मूळचा अमेरिकेचा. बाहेरून आलेलं गाजरगवत 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं. आज परभणीत एखादा पडीक तुकडा त्याच्याशिवाय दाखवा. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला सापडला आणि पुढं महाराष्ट्रातही पोचला. त्याला आवरणारी इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी 2010 मध्ये पोर्तो रिकोहून आणली. तिलाही आधी क्वारंटाईनमध्ये ठेवूनच सोडलं. मित्र कीटकाला सूट नाही, मग आपल्या बॅगेतल्या रोपाला कशी मिळणार?

आता छत्रपती संभाजीनगरातली ही गच्ची बघा. हिरव्या शेडनेटखाली एका काकूंची ऑर्किडं कोळशावर आणि नारळाच्या सोडणावर बसवलेली. मुळं कोरडी असताना चांदीसारखी पांढरी. पाणी फवारलं की बघता बघता हिरवी होतात. पाणी साठवलेलं, पावसाचं. बोअरचं दिलं तर त्यातल्या क्षारांनी मुळांची टोकं काळी पडतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की कुंड्या कूलरच्या खोलीत. शेजारीण विचारते, "अगं, माणसांना पाणी नाही, अन् तू लाकडांना पाजतीस?" काकू हसून फवारा मारत राहतात.

त्यांच्याकडची बहुतेक रोपं देशातल्या नर्सऱ्यांची. आम्हाला तो शहाणपणा वाटला. ईशान्य भारत तर ऑर्किडचं माहेरघर; सिक्कीममध्ये पाकयोंगला राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्रच आहे. आणि देशातल्या नर्सरीतून आलेलं नवं रोपही काकू महिनाभर जिन्याखाली वेगळं ठेवतात. घरचं क्वारंटाईन.

तरीही परदेशातूनच आणायचं असेल, तर निर्जंतुक बाटलीतली टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं बघा. बहुतेक जातींना त्या रूपात सायटिसची सूट असते. आयात परवाना आणि फायटो मात्र तिथंही लागतात. अर्ज ऑनलाइन भरतात, आणि त्यात शास्त्रीय नाव लिहावं लागतं. "जांभळं, ठिपक्यांचं" लिहून चालत नाही. तेव्हा जाण्याआधी नर्सरीवाल्याला मेल करा, नाव नीट मागून घ्या, आणि परवाना आल्यावरच तिकीट काढा.