टरेटला हात लावण्याआधी

मागच्या आठवड्यात सराव संपल्यावर एक मुलगी रायफल घेऊन आली. "सर, स्कोप खराब आहे. काल झिरो केला होता, आज छर्रे चार सेंटिमीटर लांब पडतायत." झिरो करणं म्हणजे स्कोपमधून (रायफलीवरच्या दुर्बिणीतून) नेम धरला तिथेच छर्रा पडेल असं जुळवणं. रायफल घरची एअर रायफल, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली. माउंट म्हणजे स्कोप धरणारी पकड, रेल म्हणजे रायफलीवरची ती बसवायची पट्टी. मी माउंटच्या मागच्या कडेला चिकटून रेलवर पेन्सिलची बारीक रेघ ओढली आणि तिला वीस छर्रे मारायला सांगितले. विसाव्या छर्ऱ्यानंतर रेघ दिसेना. माउंट सरकून तिच्यावर बसला होता.

10 मीटरच्या स्पर्धेची रायफल मारणाऱ्यांना हे चटकन पटत नाही. तिथे स्कोप चालत नाही, बारीक भोकातून नेम धरायची पीप साइट असते, आणि सिलिंडरच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला धक्का जवळजवळ नसतोच. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की जड पिस्टन पुढे सुटतो आणि रायफल मागे येते. लगेच पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि रायफल पुढे हिसका खाते. त्या हिसक्यात स्कोप मागे राहतो, म्हणजे रेलवर मागे सरकतो. फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेला बंदुकीचा महागडा स्कोपही यात आतून तुटू शकतो. स्कोप घेताना तो स्प्रिंगच्या एअर रायफलला चालतो का, एवढं विचाराच.

उपाय साधा आहे. रेल आणि माउंटचा जबडा स्पिरिटने पुसून तेल काढा. एअर रायफलची रेल बहुधा 11 मिमीची असते, तिच्यावर त्याच मापाचा, एकसंध माउंट घ्या. त्याची स्टॉप पिन, म्हणजे माउंट सरकू न देणारी खिळी, रेलवरच्या भोकात बसवा. स्क्रू एकेक करून करकचू नका, सगळे थोडेथोडे, आळीपाळीने आवळा.

दुसरा घोळ टरेटचा, म्हणजे स्कोपवरच्या नेम सरकवणाऱ्या फिरकीचा. ती एक टप्पा फिरली की एक क्लिक. छर्रे तीन सेंटिमीटर खाली पडतात, आपण चार क्लिक देतो, फरक दिसत नाही, म्हणून स्कोपला नावं ठेवतो. पाव मिनिटाचा क्लिक (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) 100 यार्डांवर जवळपास 7 मिमी सरकवतो, पण 10 मीटरवर जेमतेम 0.7 मिमी. तीन सेंटिमीटरला चाळीसेक क्लिक लागतात. चार क्लिकचे तीन मिलिमीटर तर ग्रुपच्या, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या छर्ऱ्यांच्या, पसाऱ्यातच हरवतात. म्हणून आधी पाच छर्ऱ्यांचा ग्रुप काढा, त्याचा मध्य मोजा, मग फिरवा. एका छर्ऱ्यामागे टरेट फिरवत राहणं म्हणजे स्वतःच झिरो पळवत राहणं. मी स्वतः या चुकीत एक अख्खा पावसाळा घालवला आहे, म्हणून इतक्या कळकळीने सांगतो.

नळी मोडणाऱ्या बऱ्याच रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. मग टरेट वर नेत नेत शेवटाला टेकतो. तिथे स्कोपच्या आतली स्प्रिंग ढिली पडते आणि झिरो भटकायला लागतो. अशा वेळी टरेट मधोमध आणा आणि माउंटच्या मागच्या रिंगेत, स्कोपच्या खाली, पातळ पट्टी द्या. दोन रिंगांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर 0.1 मिमीच्या पट्टीने छर्रा 10 मीटरवर 1 सेंटिमीटर वर जातो. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण तेवढाच असतो. जास्त जाडी लागली तर मात्र झुकाव भरून काढणारा माउंटच घ्या, नाहीतर रिंगा स्कोपची नळी चेपतात.

अंतराचं थोडक्यात सांगतो. काही स्कोपचा पॅरालॅक्स 100 यार्डांवर पक्का केलेला असतो. मग 10 मीटरवर डोळा हलला की स्कोपमधला क्रॉस निशाणावर हलतो, यालाच पॅरालॅक्स म्हणतात. स्कोपच्याच पुढच्या टोकाची रिंग फिरवून 10 यार्डांपर्यंत येणारा स्कोप बघा. तसा नसेल, तर गाल दरवेळी दस्त्यावर एकाच जागी टेकवा.

आणि पकड. घट्ट आवळलेली स्प्रिंगची रायफल दरवेळी वेगळी उसळते. पुढचा हात नुसता टेकू असू द्या.

त्या मुलीचा स्कोप चांगला निघाला. फक्त स्टॉप पिन वर उचललेली राहिली होती. या टेबलावरच्या रायफलीत मी मुद्दाम दोन दोष ठेवलेत, एक माउंटमध्ये आणि एक दस्त्याच्या स्क्रूंमध्ये. रायफल रिकामी आहे, तरी नळीचं तोंड भिंतीकडेच ठेवा. पान्हा इथे आहे, पेन्सिल इथे. दोघादोघांनी पुढे या.