केडगावची रोजची भाकर

[पडदा काळा. फक्त वाऱ्याचा आवाज.]

झेलम नदीचा काठ. कडाक्याची थंडी. अंगात जाड कपडा नाही, पांघरायला घोंगडी नाही. एक तरुण आणि त्याची विशीच्या आतली बहीण वाळूत दोन खड्डे करतात. माणूस पुरायला लागतो तेवढा एकेक खड्डा. दोघं त्यात आडवी होतात आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतात. रात्र तशीच काढायची.

ही बहीण म्हणजे रमा डोंगरे. आपण जिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखतो ती.

[जुनी छायाचित्रं: तरुण रमाबाई.]

वडील अनंतशास्त्री संस्कृतचे गाढे पंडित. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. १८५८ साली रमेचा जन्म झाला तोही गंगामूळच्या रानातल्या आश्रमात. पुढे सगळं कुटुंब तीर्थाटन करत, पुराण सांगत हिंडू लागलं. लोक जे देतील त्यावर गुजराण. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा देणारे हातच राहिले नाहीत. दागिने विकले, कपडे विकले, तांब्यापितळेची भांडी विकली. तांदळाचा शेवटचा दाणाही संपला, तेव्हा मरायचंच म्हणून ही माणसं रानात गेली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाईंनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय, आणि ते वाचताना घास उतरत नाही.

ही हकिकत आधी सांगण्याला कारण आहे. 'देव पुरवतो' असं भरल्या पोटानं म्हणणं सोपं असतं. रमाबाईंनी ते म्हटलं तेव्हा त्यांच्या पाठीशी तीन मृत्यू होते, भुकेनं झालेले.

[वाँटेज, इंग्लंड. चर्चचं दृश्य.]

मधली वर्षं भराभर सांगतो. भावाबरोबर भारतभर पायी प्रवास. १८७८ मध्ये कलकत्त्याला पंडितांच्या सभेत 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. भाऊ गेला. बिपिन बिहारी दास यांच्याशी लग्न झालं, मनोरमा जन्मली, आणि १८८२ मध्ये कॉलऱ्यानं पती गेले. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज ही स्त्रियांची संस्था काढली. १८८३ मध्ये इंग्लंड, आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा. मग अमेरिका. तिथे बोस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालं, बालविधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवण्याचं वचन घेऊन. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ही शाळा, म्हणजे शारदा सदन, सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं.

पुण्यात वादळ उठलं. सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून वर्तमानपत्रं पेटली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ती जखम दोन्ही बाजूंना झाली, आणि मराठी समाजात ती अजून पुरती भरलेली नाही. ज्यांनी मुली विश्वासानं सोपवल्या होत्या त्या घरांचं दुःख खोटं नव्हतं. आणि एका विधवेनं आपला विश्वास लपवून काम करावं ही अपेक्षाही रास्त नव्हती.

त्या काळात रमाबाईंच्या मनात काय चाललं होतं, ते बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनीच पुढे लिहिलं की बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आठेक वर्षं त्या अशाच कोरड्या होत्या. शास्त्र पाठ, वादविवादात कुणाला हार न जाणं, आणि आत मात्र शांती नाही. १८९१च्या सुमारास त्यांनी स्वतःची पुण्याई, विद्वत्ता, धडपड सगळी बाजूला ठेवली आणि रिकाम्या हातानं येशूजवळ गेल्या. पोटाची भूक त्यांनी रानात ओळखली होती. ही दुसरी भूक ओळखायला इतकी वर्षं लागली. पुण्याजवळच्या केडगावात त्यांनी पुढे उभं केलेलं सगळं काम या दोन्ही भुकांसाठी आहे.

[ब्रिस्टल, ॲश्ली डाउनच्या दगडी इमारती.]

याच सुमारास त्यांच्या हाती काही चरित्रं आली. त्यातलं एक जॉर्ज म्युलर यांचं. हे मूळचे प्रशियाचे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला आले आणि १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात त्यांनी अनाथ मुलं सांभाळायला सुरुवात केली. नियम एकच: पैसे माणसाकडे मागायचे नाहीत, देवाकडे मागायचे. १८७० पर्यंत ॲश्ली डाउनवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, दोन हजारांवर मुलांना पुरतील अशा. उभ्या आयुष्यात त्यांनी दहा हजारांहून जास्त मुलं वाढवली. आणि आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद ठेवली, अगदी पेनीपर्यंत. मला स्वतःला म्युलर यांची प्रार्थना जितकी मोठी वाटते तितकीच त्यांची हिशोबाची वही. देवाकडून आलंय म्हटल्यावर एक दमडीसुद्धा इकडची तिकडे व्हायला नको.

रमाबाईंनी हे वाचलं आणि त्यांना प्रश्न पडला: इतर देशांत देवावर असा भरवसा टाकता येतो, तर भारतात का नाही? इथेही असं काम कुणीतरी सुरू करावं, असं त्यांना फार वाटलं. त्या लिहितात की मग प्रभूनं त्यांनाच विचारलं, दुसऱ्यांनी करावं असं म्हणत बसण्यापेक्षा तूच का सुरू करत नाहीस?

[पुणे–दौंड रेल्वेमार्ग. केडगाव स्थानकाची पाटी. दूरवर ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर.]

आज दौंड तालुक्यात कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, केडगावच्या गुळाचं नाव आहे. रमाबाईंनी इथे शंभरेक एकर जमीन घेतली तेव्हा हा सगळा कोरडवाहू मुलूख. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा त्यांचा बेत होता. म्हणजे बघा, प्रार्थना करणारी ही बाई झाडं लावत होती, विहिरी खणत होती.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी कानावर आली आणि रमाबाईंना स्वतःचे ते अकरा दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या. गरीबखाने आणि मदतछावण्या पाहिल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, आणि त्या मुलींवर टपून बसलेली माणसंही पाहिली. बोस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता. दुष्काळातल्या मुलींची तरतूद त्यात कुठेच नव्हती. तरीही त्या मुलींना घेऊन आल्या. सुमारे तीनशेजणी. त्यात पुण्यात प्लेगची साथ. इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. मग केडगावच्या उघड्या रानात तंबू आणि छपरं. मुक्ती सदन सुरू झालं ते असं, आराखडा न आखता.

[जुनं छायाचित्र: जात्यांवर दळणाऱ्या मुलींची रांग.]

उपाशी पोटाला एकदम भरपेट अन्न दिलं तर तेच जीव घेतं. थोडं थोडं, पातळ, दिवसातून अनेकदा द्यावं लागतं. अंगावर खरूज, डोक्यात उवा, डोळे आलेले. त्यांना न्हाऊ घालायचं, औषध लावायचं, रात्री उशाशी बसायचं. प्रार्थना या सगळ्यात मिसळलेली होती. कित्येकजणी वाचल्या नाहीत. त्यांच्यासाठीही प्रार्थना झालीच होती. हे गाळून केडगावची गोष्ट सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही, कारण तशी सांगितली की देवावरचा भरवसा हा सौदा होऊन बसतो, इतकी प्रार्थना दिली की इतकं धान्य मिळतं असा. रमाबाईंनी तो तसा कधीच मानला नाही.

१९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ. पुन्हा मुली आल्या. आता केडगावात दीड हजारांवर माणसं होती. हिशोब करून बघा. माणशी अर्धा किलो धान्य धरलं, तरी रोज साडेसात क्विंटल. ते दळायला जाती, भाकरी थापायला हात, चुलींना सरपण, प्यायला पाणी. आणि हे उद्याही, परवाही. बोस्टनच्या मंडळानं घेतलेली दहा वर्षांची मुदत तर १८९८ मध्येच संपली होती.

१९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली. त्यात त्या म्हणतात त्याचा आशय असा: आम्ही श्रीमंत नाही, थोर नाही, पण आनंदात आहोत. रोजची भाकर आम्हाला थेट स्वर्गीय पित्याच्या हातून मिळते. रोजच्या गरजेपलीकडे एक पैसा शिल्लक नाही, कुठल्या बँकेत खातं नाही, कायमचा निधी नाही. कुणाला भ्यायचं कारण नाही, गमवायला काही नाही, आणि पश्चात्तापही नाही.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून पाठवलेलं अन्न, मिळतो. ज्याला जितका लागेल तितकाच त्या दिवसापुरता गोळा करायचा. उद्यासाठी लपवून ठेवलेल्याला किडे पडतात. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे येशूनं शिकवलेलं मागणं त्याच रांगेत बसतं. आमच्या ख्रिस्ती घराघरांत संध्याकाळच्या प्रार्थनेत लहान पोरं ते घडाघडा म्हणून टाकतात, मोठेही तसंच. केडगावात ते म्हणताना कोठीत काय आहे आणि काय नाही हे म्हणणाऱ्यांना माहीत असायचं.

पैसा शेवटी माणसांकडूनच येत होता, अमेरिकेतून, इंग्लंडमधून, ऑस्ट्रेलियातून. 'मुक्ती प्रेयर बेल' या पत्रातून कामाची हकिकत परदेशी जायची, लोक वाचायचे आणि पाठवायचे. मग यात देवाचं काय, असं कुणी विचारील. मी म्हणेन, देवानं एलीया संदेष्ट्याला भाकर पोचवली ती कावळ्यांच्या चोचीतून. पोचवणारा कोण यावरून पाठवणारा बदलत नाही. आणि आणखी एक: पोचलेल्या भाकरीवर नुसतं बसून राहिलेलं केडगावात कुणी नव्हतं. मागावर कापड विणलं जात होतं, घाण्यावर तेल निघत होतं, गाईगुरं होती, भाजीचे वाफे होते, शिवणकाम होतं. दृष्टिहीन मुली आणि बाया बार्तिमी सदनात ब्रेल वाचायला शिकत होत्या, वेताच्या टोपल्या विणत होत्या.

[प्रार्थनेला बसलेल्या स्त्रिया. संगीत नाही, फक्त कुजबुज.]

अन्न मिळालं, कपडा मिळाला, अक्षरओळख झाली. रमाबाईंना तेवढ्यानं पुरेसं वाटेना. स्वतःची ती कोरडी वर्षं त्या विसरल्या नव्हत्या. १९०५च्या जानेवारीत त्यांनी मुलींना सांगितलं, आपल्यावर पवित्र आत्मा यावा म्हणून रोज जमून मागू या. सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे बाया दिवसातून दोनदा प्रार्थनेला जमत होत्या. महिन्याच्या अखेरीस जे झालं त्याला ख्रिस्ती जगात 'मुक्तीचं संजीवन' म्हणतात. तासन्‌तास रडणं, पापांची कबुली, एकमेकींची क्षमा मागणं, आणि मग गाणं. मोठमोठ्यानं चाललेली ती प्रार्थना पाहून काहीजण बिचकलेही. पण त्यानंतर मुली जोड्याजोड्यांनी आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. पाच-आठ वर्षांपूर्वी ज्यांना गरीबखान्यातून उचलून आणलं होतं, त्या आता दुसऱ्याच्या आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करत होत्या.

[मुक्तीचा छापखाना. खिळ्यांचे खण, शाईचे रूळ.]

शेवटची अठराएक वर्षं रमाबाईंनी एका कामाला वाहिली. साध्या मराठीत संपूर्ण बायबल. अडाणी बाईला वाचून दाखवलं तर तिला कळेल अशी भाषा. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, काही मुलींनाही शिकवलं. छपाई केडगावातच, बायांच्या हातांनी. मराठीची जुळणी म्हणजे काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षराचा खिळा वेगळा. खणातून एकेक खिळा चिमटीत उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. दिवसभर उभं राहून.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईच्या मागे हे काम तिनं सांभाळायचं होतं. इथे प्रार्थनेचं उत्तर 'नाही' असं आलं. त्रेसष्ट वर्षांच्या, कान गेलेल्या, थकलेल्या आईनं मुलीला निरोप दिला आणि ती मुद्रितं तपासायला बसली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा देहान्त झाला, तोवर तपासणी चालूच होती.

मुक्तीच्या बायांनी छपाई पुरी केली आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर आलं. केडगावचं काम आजही चालू आहे: निराधार स्त्रिया, मुलं, दृष्टिहीन, शाळा, दवाखाना. किराणा आजही भरावा लागतो, आणि त्यासाठी आजही प्रार्थना होते.

[श्रेयनामावली.]