तिसरी सही कुठे करायची?

नमस्कार, श्रोतेहो.

तीन प्रौढ माणसं एका घरात राहतात. घरभाडं, स्वयंपाक, मुलांची आजारपणं, सगळं मिळून निभावतात, आणि हे नातं तिघांनाही मान्य आहे. चोरून काही नाही. अमेरिकेत अशी कुटुंबं आहेत आणि या नात्याला तिथे 'पॉलिअ‍ॅमरी' म्हणतात. आपल्याला हे पटतं की नाही, तो वाद आज बाजूला ठेवू. कायदा या घरात नेमका कुठून शिरतो, तेवढं पाहू. आणि अमेरिकेत कायदा म्हटला की आधी विचारावं लागतं, कुठल्या राज्याचा? कारण लग्न, घटस्फोट, पालकत्व, वारसा हे सगळं तिथे मुख्यतः राज्यांच्या हातात असतं.

लग्नाच्या बाबतीत मात्र पन्नासही राज्यं एका सुरात बोलतात. जोडीदार एकच. पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं तर गुन्हा. हा सूर जुना आहे. १८७९ मध्ये यूटामधल्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या एका गृहस्थाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. बहुपत्नीत्व हा माझ्या धर्माचा भाग आहे, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं, श्रद्धेला कायदा हात लावत नाही, पण आचरणाला लावू शकतो. पुढे १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला, तोही बहुपत्नीत्वाला कायमची बंदी मान्य केल्यावरच.

पण यूटा तेवढ्यावर थांबलं नाही. एक जोडीदार असताना दुसऱ्याबरोबर नवराबायको म्हणवून राहणं, हाही तिथे गंभीर गुन्हा होता. २०२० मध्ये विधिमंडळाने तो उतरवून जवळजवळ वाहतुकीच्या दंडाच्या पातळीवर आणला. फसवणूक किंवा बळजबरी असेल तर शिक्षा पूर्वीसारखीच कडक. बदलामागचं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. तुरुंगाच्या भीतीने बंदिस्त पंथांमधल्या पीडित बायका आणि मुलं पोलिसांकडे जातच नव्हती. ज्यांच्यासाठी कायदा, त्यांचीच तोंडं कायद्याने बंद केली होती.

गंमत अशी, की आपण ज्या तिघांबद्दल बोलतोय ते बहुधा दुसरं लग्न करायला जातच नाहीत. म्हणजे तो मोठा कायदा त्यांना फारसा सापडत नाही. व्यभिचाराचा गुन्हा काही राज्यांत अजून पुस्तकात आहे, पण खटले क्वचित. न्यूयॉर्कने १९०७ सालचं असं कलम २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं. या तिघांना खरं बोचतं ते साध्या कागदांवर. फॉर्मवर सहीच्या रेघा दोनच असतात.

सर्वांत जास्त बोचतं ते मुलांच्या बाबतीत. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एका मुलीला आई म्हणून दोघीजणी होत्या, आणि जन्मदाता बापही होता. एक आई तुरुंगात गेली, दुसरी रुग्णालयात होती. मुलगी सरकारी ताब्यात गेली. बाप हयात होता, पण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पालक दोनच, तिसरा नाही, असं न्यायालयाला म्हणावं लागलं. हे कुटुंब काही आपण म्हणतो त्या अर्थाचं नव्हतं, तरी दार त्यांच्यामुळे उघडलं. राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी पहिलं विधेयक २०१२ मध्ये परत पाठवलं, दुसऱ्यावर २०१३ मध्ये सही केली. पालक दोनच धरल्याने मुलाचं अहित होणार असेल तर न्यायालय तिसराही पालक मानू शकतं, असा तो कायदा. मेन, व्हरमाँट, वॉशिंग्टन या राज्यांतही आता असा मार्ग आहे. इथे कुणी मोठ्यांच्या प्रेमाचं कौतुक केलेलं नाही, बरं का. मुलाला रात्री झोपवतं कोण, एवढंच पाहिलं.

दुसरी वाट गावपातळीवरची. बोस्टनशेजारच्या सॉमरव्हिल शहरात २०२० च्या जूनमध्ये, ऐन करोनात, लग्न न केलेल्या जोडीदारांची नोंदणी सुरू करायची होती. रुग्णालयात भेटायला तरी मिळावं म्हणून. मसुद्यात 'दोन व्यक्ती' असं होतं. नगरपरिषदेच्या एका सदस्याने विचारलं, दोनच का? मसुदा करणाऱ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी 'दोन' हा शब्द गेला आणि ठराव एकमताने झाला. पुढच्या वर्षी शेजारच्या केंब्रिज शहरानेही तेच केलं. पण शहराचा हात शहरापुरता. राज्याचं लग्न, केंद्राचा आयकर, व्हिसा, तिथे ही नोंद चालत नाही.

घराचंही तसंच. नातं नसलेली किती माणसं एका छपराखाली राहू शकतात, यावर अनेक गावांचे नियम असतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेर या गावात मर्यादा दोनची होती, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तो खटला सहा विद्यार्थ्यांच्या घराचा होता. पण नियमाला माणूस विद्यार्थी की जोडीदार, काय कळतं? कोलोरॅडोने २०२४ मध्ये गावांचा हा अधिकार बऱ्याच अंशी काढून घेतला.

वारशात तर तिसऱ्याला शून्य. मृत्युपत्र नसेल तर वर्षानुवर्षं सोबत राहिलेला माणूस कायद्याला परकाच. म्हणून तिथले वकील अशा कुटुंबांना मृत्युपत्र, वैद्यकीय निर्णयाचं अधिकारपत्र, घराचा करार, सगळं लिहून ठेवायला लावतात. आणि मुलाच्या बाबतीत आणखी एक सांगतात. जन्मदाखल्यावर तिसरं नाव आलं तरी त्यावर विसंबू नका, पालकत्वाचा न्यायालयीन आदेश घ्या. दाखला ही राज्याची नोंद आहे, दुसऱ्या राज्यात कुणी तिच्यावर बोट ठेवू शकतं. न्यायालयाचा निवाडा मात्र दुसऱ्या राज्याला संविधानानुसार मानावा लागतो.

नमस्कार.