कोल्हापूर ते नागपूर : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ

उजळाईवाडी येथील कोल्हापूरचा विमानतळ आणि सोनेगाव येथील नागपूरचा विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे 700 किलोमीटर आहे. नकाशावर पट्टी ठेवून या दोन ठिकाणांमध्ये रेघ ओढली, तर ती पंढरपूरच्या अगदी जवळून जाते, अंबाजोगाईच्या बाजूने पुढे सरकते, गंगाखेडपाशी गोदावरी ओलांडते आणि यवतमाळ डाव्या हाताला ठेवून नागपूर गाठते. या रेघेचा मध्यबिंदू गंगाखेडच्या आसपास पडतो. म्हणजे संत जनाबाईंच्या गावाजवळ पोहोचलेल्या विमानाचा निम्मा प्रवास झालेला असतो.

जमिनीवरून निघालेल्या माणसाला ही सरळ वाट मिळत नाही. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सातारा, पुणे, दौंड, अहिल्यानगर असे करत मनमाडपर्यंत उत्तरेला जाते आणि तेथून भुसावळ, अकोला, वर्धा या मार्गाने पूर्वेकडे वळते. नागपूर येईपर्यंत सुमारे 1200 किलोमीटरचा प्रवास होतो आणि त्यात जवळजवळ अख्खा दिवस जातो. पंढरपूर, लातूर, परळी या बाजूने जाणारा लोहमार्ग त्या मानाने जवळचा आहे, तरीही तो वळणे घेतच जातो. पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भ एकमेकांना दूरचे वाटतात, त्याला या लांबच्या फेऱ्याचाही मोठा हातभार आहे.

आता वेळेचा हिशेब पाहू. ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानाला 700 किलोमीटरसाठी, नुसता भागाकार केला तर, 1 तास 24 मिनिटे लागतात. ताशी 800 किलोमीटर वेगाच्या छोट्या जेट विमानाला साधारण 53 मिनिटे लागतात. वेळापत्रकातला वेळ मात्र याहून जास्त असतो, कारण तो विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंत मोजला जातो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठेपर्यंतचा कमी वेग, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे, हे सारे त्यात धरलेले असते. नागपूरची मुख्य धावपट्टी वायव्य-आग्नेय दिशेत आहे, त्यामुळे नैऋत्येकडून येणाऱ्या विमानाला सरळ खाली उतरता येत नाही. जवळपास काटकोनात वळून धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. ही जास्तीची मिनिटे अंतर कमी असले म्हणून फारशी घटत नाहीत आणि म्हणूनच अगदी जवळच्या दोन शहरांमध्ये विमानाने फारसा वेळ वाचत नाही. कोल्हापूर-नागपूर हे अंतर मात्र असे आहे, की ती मिनिटे धरूनही रेल्वेच्या तुलनेत प्रवाशाचे कित्येक तास वाचतात.

प्रादेशिक हवाई वाहतुकीच्या ‘उडान’ योजनेत एक तासाचे, म्हणजे सुमारे 500 किलोमीटरचे उड्डाण प्रमाण मानून त्या योजनेतील आसनांसाठी सुरुवातीला 2500 रुपयांची भाडेमर्यादा ठरवण्यात आली होती. अंतर आणि वेळ यांची ही सांगड एटीआरच्या वेगाला धरून आहे आणि लहान विमानतळांसाठी ती रास्तच म्हणावी लागेल.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. हिवाळ्यात जेट विमानांच्या उंचीवर वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे कोल्हापूरहून नागपूरला जाताना ते पाठीशी असतात आणि परतताना समोरून येतात. पावसाळ्यात त्याच उंचीवर पूर्वेचे वारे असतात आणि तेव्हा परतीचा प्रवास काही मिनिटांनी लवकर संपू शकतो.